घाटात चालणाऱ्या जुन्या गाडीला कॅमशाफ्ट कोणता निवडावा?

सुरगाण्यात कॅमशाफ्टवर व्याख्यान कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण इथून कुठंही निघा, थोड्याच वेळात चढ लागतो किंवा उतार लागतो. बोरगावहून हतगडकडे आणि पुढं सापुताऱ्याकडे जा, नाहीतर उंबरठाणवरून गुजरातच्या बाजूला उतरा, इंजिनाची परीक्षा प्रत्येक वळणावर होते. ती कुठल्या भागावर होते, तर कॅमशाफ्टवर. म्हणून हा विषय मैदानातल्या शहरापेक्षा इथंच जास्त लागू पडतो.

आपण बोलणार आहोत ते जुन्या पेट्रोल गाड्यांबद्दल. महिंद्राची उंच बॉनेटची जीप, पद्मिनी, ॲम्बॅसडर आणि हौशी मंडळी जिला प्रेमानं ‘देशी मसल कार’ म्हणतात ती कॉन्टेसा. कॉन्टेसा १९८४ साली बाजारात आली तेव्हा तिच्यात ॲम्बॅसडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं. दिसायला पैलवान, पळायला बैलगाडी, अशी तिची थट्टा व्हायची. पुढं इसुझुचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, सुमारे ८८ अश्वशक्तीचं, आणि गाडी खऱ्या अर्थानं धावू लागली. २००२ च्या सुमारास उत्पादन थांबलं. आता या गाड्या पुन्हा उभ्या करण्याची हौस वाढली आहे. ती चांगलीच गोष्ट आहे. पण इंजिन खोललं की कोणीतरी म्हणतं, “खोललंच आहे तर कॅम मोठा टाकू या.” आजचं सगळं बोलणं या एका वाक्याबद्दल आहे.

कॅमशाफ्ट नेमकं काय करतो

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक फेरी होते. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा टॅपेटखाली आला की वॉल्व्ह उघडतो, पुढं सरकला की स्प्रिंग वॉल्व्ह बंद करते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या करत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि बंद होतो. इंजिननं श्वास कधी घ्यायचा, किती घ्यायचा आणि कधी सोडायचा, हे सगळं त्या उंचवट्याच्या आकारात कोरून ठेवलेलं असतं. कार्ब्युरेटरचा जेट बदलता येतो, इग्निशन पुढं-मागं करता येतं. कॅम एकदा बसवला की त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं.

पद्मिनी आणि ॲम्बॅसडरमध्ये कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि पुशरॉडमार्फत वरचे वॉल्व्ह हलवतो. इसुझुच्या इंजिनात तो वर हेडमध्ये असतो. जुन्या पेट्रोल जीपचं हरिकेन इंजिन तर गमतीचं आहे. इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, आणि दोघांना चालवणारा कॅमशाफ्ट एकच. हे इंजिन आधीच्यापेक्षा उंच झालं म्हणून त्या जीपचं बॉनेट उंच करावं लागलं.

चार शब्द समजून घ्या

कॅम विकणारा किंवा घासून देणारा तुम्हाला आकडे सांगतो. त्यातले चार आकडे कळले तर कोणी फसवू शकत नाही.

पहिला लिफ्ट, म्हणजे वॉल्व्ह किती मिलिमीटर उघडतो.

दुसरा ड्युरेशन, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत वॉल्व्ह उघडा राहतो. समजा, पिस्टन वर पोचायच्या १० अंश आधी इनटेक वॉल्व्ह उघडला आणि पिस्टन खाली पोचून ५० अंश उलटल्यावर बंद झाला. मग १० अधिक १८० अधिक ५०, असे २४० अंश झाले.

तिसरा ओव्हरलॅप. एक्झॉस्ट अजून बंद झालेला नाही आणि इनटेक उघडलेला आहे, असा जो काळ असतो तो ओव्हरलॅप.

चौथा लोब सेपरेशन. इनटेकच्या उंचवट्याचं टोक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्याचं टोक यांच्यातला कॅमशाफ्टवरचा कोन. हा कोन लहान केला की ओव्हरलॅप वाढतो.

हिशेब सोपा आहे. दोन्ही वॉल्व्हचं ड्युरेशन सारखं असेल तर ड्युरेशनमधून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करा. २४० अंशांचा कॅम, सेपरेशन ११०, तर ओव्हरलॅप २० अंश. २८० अंशांचा कॅम, सेपरेशन १०८, तर ओव्हरलॅप ६४ अंश. ड्युरेशन ४० अंशांनी वाढलं, पण ओव्हरलॅप तिप्पट झाला. इंजिनाचा स्वभाव बदलतो तो इथं.

एक सावधगिरी. ड्युरेशन कुठून मोजलं हे विचारल्याशिवाय दोन कॅमची तुलना करू नका. काही जण वॉल्व्ह जरा हलला की मोजायला सुरुवात करतात, काही जण टॅपेट ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलल्यावर. एकाच कॅमचे या दोन पद्धतींनी येणारे आकडे ४०-५० अंशांनी वेगळे असू शकतात.

मोठा कॅम खालच्या फेऱ्यांत का गुदमरतो

इनटेक वॉल्व्ह उशिरा बंद होतो तेव्हा पिस्टन वर यायला लागलेला असतो. वेगात फिरणाऱ्या इंजिनात आत येणाऱ्या हवेला जोर असतो. पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते आणि सिलिंडर जास्त भरतो. पण १५००-२००० फेऱ्यांवर हवेला तेवढा जोर नसतो. मग पिस्टन आत आलेलं मिश्रण उलटं मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. दाबायला मिश्रणच कमी उरतं.

आकड्यात पाहू. ८२ मिलिमीटर स्ट्रोक आणि ८.५ कॉम्प्रेशन रेशोचं एक इंजिन उदाहरणादाखल घ्या. इनटेक खालच्या टोकानंतर ५० अंशांवर बंद झाला तर दाबायला साधारण ७१ मिलिमीटर स्ट्रोक उरतो, आणि खरं कॉम्प्रेशन ७.५ च्या आसपास येतं. तोच वॉल्व्ह ६८ अंशांवर बंद झाला तर जेमतेम ६१-६२ मिलिमीटर उरतात, आणि खरं कॉम्प्रेशन ६.६ वर घसरतं. पुस्तकात रेशो ८.५ च आहे. हेड तेच, पिस्टन तेच. फक्त कॅम बदलला आणि खालची ताकद गेली.

त्यात आपला भाग उंचावर. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर गेलो की हवा नऊ-दहा टक्क्यांनी विरळ होते. आधीच कमी भरणारा सिलिंडर आणखी कमी भरतो. मग मिस्त्री म्हणतो गाडी लोड घेत नाही, मालक म्हणतो पिकअप गेला, आणि दोघं मिळून कार्ब्युरेटर खोलत बसतात.

घाटाला लागते किती ताकद?

गाडी, माणसं आणि सामान मिळून १६०० किलो धरा. १५ मीटरला १ मीटर असा चढ धरा. ताशी ४० किलोमीटरनं चढायला किती ताकद लागेल? चढ आणि टायरचं घर्षण मिळून साधारण १३०० न्यूटनचा विरोध येतो. ४० च्या वेगाला ही १४ किलोवॅटच्या थोडी वर ताकद झाली. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधलं नुकसान धरूनही २२ अश्वशक्ती पुरते. इंजिनकडे आहे ८८.

म्हणजे ताकद कमी पडतच नाही. प्रश्न असा, की ही २२ अश्वशक्ती इंजिन २००० फेऱ्यांवर निमूटपणे देतं का? अचानक वळण आलं, समोरून एसटी आली, गाडी जवळजवळ थांबली आणि पुन्हा उचलायची आहे, तेव्हा देतं का? ८८ चे १०० करणारा कॅम ते वरचे १२ घोडे ५५००-६००० फेऱ्यांवर देतो. तिथं आपण घाटात जातच नाही. आणि ज्या फेऱ्यांवर आपलं आयुष्य जातं, तिथून तो काढून घेतो.

अमेरिकेचा सल्ला इथं का चालत नाही

आजकाल मोबाईलवर अमेरिकन मसल कारच्या चित्रफिती सगळेच बघतात. गाडी जागेवर उभी आहे, इंजिन ढग-ढग, ढग-ढग करत डुलतंय, आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तो आवाज ओव्हरलॅपचा असतो. स्लोला सिलिंडरमध्ये जळलेला वायू मागं राहतो, फायरिंग एकसारखं होत नाही, म्हणून तो लंगडा आवाज.

त्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. शेवरोलेचं प्रसिद्ध ३५० घनइंचाचं व्ही-८ इंजिन घ्या, ५.७ लिटरचं. एका सिलिंडरला सुमारे ७१७ सीसी आले. आपल्या १८१७ सीसीच्या इंजिनात एका सिलिंडरला ४५४. तोच ड्युरेशनचा कॅम मोठ्या सिलिंडरमध्ये सौम्य वागतो आणि लहान सिलिंडरमध्ये आडदांड होतो. शिवाय ५.७ लिटरचं इंजिन खालच्या ताकदीतून थोडी गमावूनही गाडी सहज ओढतं. आपल्याकडे गमवायला शिल्लकच नाही.

आणि तिकडेही सगळ्यात तिखट कॅम रोजच्या गाडीसाठी नव्हताच. १९६७ ते १९६९ च्या कॅमॅरो झेड-२८ मध्ये ३०२ घनइंचाच्या इंजिनावर ‘थर्टी-थर्टी’ म्हणून ओळखला जाणारा कॅम होता. दोन्ही वॉल्व्हना ०.०३० इंचांचं टॅपेट क्लिअरन्स, म्हणून ते नाव. ती गाडी शर्यतीचे नियम डोळ्यांपुढं ठेवून घडवलेली होती. ती वरच्या फेऱ्यांत जागी व्हायची, खालच्या फेऱ्यांत कुरकुरायची. शर्यतीच्या ट्रॅकवर बोरगावचा बाजार नसतो आणि पावसाळ्यातलं धुकंही नसतं.

ब्रेकचा संबंध विसरू नका

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, हा नीट ऐका. ज्या गाडीत ब्रेकला बूस्टर आहे, त्या पेट्रोल गाडीत बूस्टर चालतो इनटेक मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर. चांगल्या इंजिनात स्लोला समुद्रसपाटीवर १७ ते २१ इंच व्हॅक्यूम मिळतो. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच कमी होतो. मोठ्या ओव्हरलॅपचा कॅम टाकला की स्लोचा व्हॅक्यूम १०-१२ इंचांवर येऊ शकतो. मग पेडल दगडासारखं लागतं.

यावर कोणी म्हणेल, उतारावर गाडी गिअरमध्ये असते, ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, तेव्हा व्हॅक्यूम भरपूर मिळतो. बरोबर आहे. गिअरमध्ये असेपर्यंत मिळतो. पण वळणावर क्लच दाबला, इंजिन स्लोला आलं, की व्हॅक्यूम पडला. आणि पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून उतरणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. तेव्हा बूस्टरमध्ये साठलेल्या जोरावर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो. चौथ्या वेळी दोन्ही पाय देऊन उभं राहावं लागतं. न्यूट्रलला टाकून घाट उतरणं कुठल्याही गाडीत वाईटच, अशा कॅमच्या गाडीत ते जिवावर बेतू शकतं. घरच्या घरी तपासायचं असेल तर असं करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी घाटात नेऊ नका.

आधी आहे तो कॅम मोजा

आमचा अनुभव असा, की ज्यांना मोठा कॅम हवा असतो त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा मूळ कॅमच झिजलेला असतो. तीस-चाळीस वर्षांत उंचवट्यांची टोकं घासतात. लिफ्ट कमी होतो, ताकद हळूहळू जाते, आणि मालकाला वाटतं कंपनीनंच गाडी मंद केली होती. डायल गेज लावून सगळ्या उंचवट्यांची उचल मोजा. एक जरी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी भरला तर चोर सापडला. त्याच्याआधी कॉम्प्रेशन, टायमिंग चेनचा ढिलेपणा, डिस्ट्रिब्युटरची वजनं आणि टॅपेट सेटिंग पाहा. ढिली चेन कॅमला मागं पाडते, आणि कॅम मागं पडला की खालची ताकद जाते. नुसती चेन बदलल्यावर गाडी पुन्हा तरणी झाली, असं होतं.

घासून घेताना

या गाड्यांचे नवे कॅम सहजी मिळत नाहीत, म्हणून जुनाच घासून नवा आकार देतात. यात एक युक्ती आहे आणि एक धोका आहे. समजा, उंचवट्याची एकूण उंची ३८ मिलिमीटर आणि मागचा गोल भाग ३२ मिलिमीटर व्यासाचा. उचल झाली ६. उचल ७ करायची तर टोकाला भर घालत नाहीत, मागचा गोल भाग त्रिज्येत एक मिलिमीटरनं कमी करतात. व्यास ३०, एकूण उंची ३७, उचल ७. रॉकरचं गुणोत्तर दीड असेल तर वॉल्व्ह ९ ऐवजी साडेदहा उघडतो.

धोका धातूत आहे. आपल्या महाराष्ट्रात, सोलापुरात, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ साली स्थापन झालेली कंपनी जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. तिथली एक मुख्य जात म्हणजे चिल्ड कास्ट आयर्न. ओतकाम करताना उंचवट्याच्या जागी साच्यात धातूचे तुकडे ठेवतात. तिथलं बीड झटकन थंड होतं आणि पांढरं, अतिशय कठीण बनतं. आतलं बीड सावकाश थंड होऊन तुलनेनं मऊ राहतं, म्हणून शाफ्ट ठिसूळ होत नाही. ही कठीण साल काही मिलिमीटरच असते. घासणाऱ्यानं हात सैल सोडला की साल संपते आणि नवा कॅम थोड्याच दिवसांत सपाट होतो. म्हणून किती घासणार, ते आधी विचारा.

मग निवडायचा कसा

क्रम असा ठेवा. पहिलं, गाडी बहुतेक वेळ कुठल्या फेऱ्यांवर चालते? आपल्याकडे १५०० ते ३५००. दुसरं, कॉम्प्रेशन किती? ८ ते ८.५ असेल तर मोठ्या ड्युरेशनचा विचार सोडा. तिसरं, हेड आणि कार्ब्युरेटर मूळचेच आहेत का? नळी तीच ठेवून दार मोठं केल्यानं पाणी जास्त येत नाही. चौथं, ब्रेकला बूस्टर आहे का?

बहुतेकांचं उत्तर एकच निघेल. मूळ ड्युरेशनचा, फार तर आठ-दहा अंशांनी मोठा कॅम. लोब सेपरेशन ११० किंवा त्याच्या वर. सुधारणा हवीच असेल तर लिफ्ट थोडा वाढवा आणि ड्युरेशनला हात लावू नका. कॅम बसवताना डिग्री व्हील लावून तपासा. तो दोन-तीन अंश पुढं बसवला तर इनटेक लवकर बंद होतो आणि खालची ताकद थोडी वाढते. घाटासाठी हा बदल जवळजवळ फुकट मिळतो.

लिफ्ट वाढवला तर पिस्टनवर मऊ क्ले ठेवून इंजिन हातानं फिरवा आणि वॉल्व्ह किती जवळ येतो ते मोजा. इनटेकला किमान २ आणि एक्झॉस्टला किमान अडीच मिलिमीटर जागा राहायला हवी. स्प्रिंग पूर्ण दबून अडकत नाही ना, तेही बघा.

कॅमबरोबर टॅपेट किंवा रॉकरची घासणारी बाजू नवी हवी. जुन्यांनी जुन्या कॅमशी जुळवून घेतलेलं असतं, नव्याला ते खातात. बसवताना उंचवट्यांवर असेंब्ली पेस्ट लावा, झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं ऑइल वापरा. इंजिन सुरू झालं की स्लोला सोडू नका. २० ते ३० मिनिटं २००० ते २५०० फेऱ्यांवर ठेवा, म्हणजे कॅमवर ऑइल नीट उडेल. नव्या कॅमचं आयुष्य या अर्ध्या तासात ठरतं.

शेवटी दोन प्रश्न

इथं चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय, कॅम बदलणं कायद्यात बसतं का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील बदलतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. कॅमचा उल्लेख प्रमाणपत्रात नसतो. पण पीयूसी स्लोवर घेतात, आणि मोठ्या ओव्हरलॅपचं इंजिन स्लोला न जळलेलं पेट्रोल बाहेर टाकतं. तिथं गाडी अडकू शकते. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करायची असेल तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. जुनी जीप असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हेही.

दुसरा प्रश्न, कॅम बदलून ॲव्हरेज वाढेल का? झिजलेल्याच्या जागी मूळ मापाचा नवा टाकला तर वाढेल. मोठा टाकला तर जवळजवळ नक्की घटेल, कारण खालच्या फेऱ्यांत पेट्रोल वाया जाईल आणि चढावर एक गिअर खाली ठेवून गाडी हाकावी लागेल.

म्हणून उद्या इंजिन खोललं आणि कोणी म्हणालं, मोठा टाकू या, तर त्याला एवढंच विचारा. ही गाडी भरलेली असताना, पावसात, चढावरच्या वळणावर थांबून पुन्हा निघायची आहे. तेव्हा हा कॅम काय करेल? ज्याच्याकडे याचं उत्तर आहे, त्याच्याकडूनच काम करून घ्या.